शोधसेवा भाड्याने घेण्याआधी

धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्चची चौकट बहुधा सगळ्यात शेवटी बसते. बिलं, साठा, जीएसटीचे अहवाल, लॉगिन असं सगळं उरकलं की कोणाच्या तरी लक्षात येतं, अरे, वस्तू शोधायला काहीतरी हवं. मग प्रोग्रामर डेटाबेसला एक 'लाइक' क्वेरी लावतो, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण टाकतो आणि काम भागतं. पाचशे वस्तू असेपर्यंत खरोखरच भागतं. वस्तू लाखांत गेल्या की तीच क्वेरी तक्त्याची पहिली ओळ ते शेवटची ओळ वाचत बसते, कारण शब्दाच्या मधल्या तुकड्यावरून शोधायचं म्हटलं की डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्स हात वर करतो. पण वेग ही त्यातली लहान तक्रार. मोठी तक्रार अशी की ती क्वेरी अक्षराला अक्षर जुळवते, आणि आपण यादीत लिहिलेली अक्षरं गिऱ्हाईक कधीच जशीच्या तशी टाइप करत नाही.

हे पुस्तक या टप्प्याला आलेल्या दोन माणसांसाठी आहे. एक मालक, ज्याच्या टेबलावर दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं पडली आहेत आणि ज्याला त्यातला एकही रकाना धड कळत नाही. दुसरा त्याचा प्रोग्रामर, ज्याला रकाने कळतात, पण कोणता रकाना आपल्या धंद्याला लागू आहे ते कळत नाही. दोघांनी मिळून वाचलं तर उत्तम. दोघांनाही मी एकच आग्रह करणार आहे: सेवा निवडायची ती आपल्या गिऱ्हाइकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांवर पारखून, आणि ती एक दिवस सोडावी लागणार आहे असं धरून.

आधी यंत्राच्या पोटात काय असतं ते थोडक्यात. कुठल्याही शोधयंत्राचा गाभा म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. शब्द एका बाजूला, तो कुठल्या कुठल्या नोंदींत आला ते दुसऱ्या बाजूला. १९९९ मध्ये डग कटिंग यांनी अशी सूची बांधणारी ल्युसीन नावाची लायब्ररी लिहिली, आणि २००१ मध्ये ती अपाची संस्थेकडे गेली. तिच्यावर सोलर हे शोधयंत्र उभं राहिलं, आणि २०१० मध्ये शाय बेनन यांचं इलॅस्टिकसर्च. बेनन यांची सुरुवात लंडनमध्ये स्वयंपाकाचं शिक्षण घेणाऱ्या पत्नीच्या पाककृती शोधता याव्यात एवढ्याच इच्छेतून झाली होती. आज इलॅस्टिकचं स्वतःचं क्लाउड आणि ॲमेझॉनची ओपनसर्च सेवा या दोन्हींच्या पोटात ल्युसीनच आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर एआय सर्चमध्येही ल्युसीनची क्वेरीभाषा चालते. पॅरिसमध्ये २०१२ साली निघालेल्या अल्गोलियाने इंजिन स्वतः लिहिलं. टाइपसेन्स आणि मेलीसर्च यांचा कोड खुला आहे आणि त्या भाड्यानेही मिळतात. निकालांचा क्रम लावायचं सूत्रही फार गुपित नाही. ल्युसीनमध्ये २०१६ पासून बीएम२५ हे मूळ सूत्र आहे, आणि त्याचं बीज कॅरन स्पार्क जोन्स यांच्या १९७२ च्या लेखात आहे: जो शब्द थोड्याच नोंदींत येतो त्याला वजन जास्त. तेव्हा 'आमचं खास अल्गोरिदम' म्हणणाऱ्या विक्रेत्याचं फार मनावर घेऊ नये. खरा फरक पडतो तो शब्द सूचीत जाण्याआधी त्याची चिरफाड कशी होते तिथे.

हे नीट दिसण्यासाठी भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बेअरिंग विक्रेत्याचा साठा डोळ्यांसमोर आणा. त्यात ६२०४ हा अगदी रोजचा नग: आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असेल तर एनएसके त्यापुढे 'झेडझेड' लिहिते, एसकेएफ 'टू-झेड' लिहिते. रबरी सील असेल तर एसकेएफची खूण 'टू-आरएस'ने सुरू होते, एनएसकेची 'डीडीयू', एनटीएनची 'एलएलयू'. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला यातली एकच खूण तोंडपाठ असते, पण माल त्याला यांतल्या कुठल्याही कंपनीचा चालतो. आता यादीत '६२०४झेडझेड' असं सलग छापलं आहे आणि मेकॅनिकने मध्ये जागा सोडून '६२०४ झेडझेड' टाइप केलं. नेहमीचा शब्दतोड्या, ज्याला ही मंडळी टोकनायझर म्हणतात, सलग लिहिलेले आकडे आणि अक्षरं एकच शब्द धरतो. मग यादीत एक शब्द, प्रश्नात दोन, आणि उत्तर शून्य. उलट आडवी रेघ असलेलं '६२०४-टू-आरएस' तो रेघेपाशी तोडतो आणि तिथे शोध लागतो. म्हणजे एकाच रॅकवरच्या दोन नगांपैकी एक सापडतो, दुसरा नाही, आणि का ते काउंटरवर कोणालाच सांगता येत नाही.

याहून घातक प्रकार चुका सुधारण्याचा. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तरी निकाल मिळावा ही सोय प्रत्येक कोटेशनमध्ये ठळक अक्षरांत असते. इलॅस्टिकसर्चमध्ये ती 'ऑटो'वर ठेवली तर तीन ते पाच अक्षरांच्या शब्दात एक चूक माफ, त्याहून लांब शब्दात दोन. अल्गोलियात चार अक्षरांपासून एक माफ, आठपासून दोन. ६२०४ मध्ये चार अक्षरं आहेत. ६२०५ आणि त्याच्यात एकाच अक्षराचा फरक आहे, आणि ६२०५ चा आतला व्यास २५ मिलिमीटर आहे. साबणाच्या किंवा साडीच्या दुकानात वरदान ठरणारी सोय इथे चुकीचा माल घरपोच पाठवते. अल्गोलियात आकड्यांपुरती ही माफी बंद करायचं बटण आहे, पण ते शोधून दाबावं लागतं. इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्चमध्ये नगाचा नंबर वेगळ्या रकान्यात ठेवून तिथे ही माफी द्यायचीच नाही, अशी मांडणी करावी लागते. दोन्ही गोष्टी होण्यासारख्या आहेत. मात्र डेमोमध्ये त्या कोणी दाखवत नाही, कारण डेमोतला माल नेहमी बूट आणि मोबाइल असतो.

मराठीचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. तो फक्त पुस्तकविक्रेत्यांना आणि वर्तमानपत्रांना पडतो असं समजू नये. शेतीपंप विकणारा, सहकारी बँक, बियाण्यांची कंपनी, अर्ज स्वीकारणारी संस्था, सगळ्यांच्या नोंदींत मराठी असतं. यादीत 'विहिरीसाठी पाणबुडी मोटर' आहे आणि शेतकऱ्याने 'विहीर मोटर' टाइप केलं. आपल्याला दोन्ही एकच दिसतं. यंत्राला 'विहीर' आणि 'विहिरीसाठी' यांचा काही संबंध दिसत नाही, कारण प्रत्यय शब्दाला चिकटला आहे आणि चिकटताना मधली दीर्घ 'ही' ऱ्हस्व झाली आहे. नागपूर-नागपुरातील, पाणी-पाण्याची यांचंही तेच. ल्युसीनबरोबर हिंदी, बंगाली आणि तेलुगूचे विश्लेषक, म्हणजे त्या त्या भाषेचे शब्द सूचीसाठी छाटून देणारे भाग, येतात, मराठीचा येत नाही. 'हिंदी लावा, लिपी तीच आहे' असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने अर्धं काम होतं. हिंदीचा विश्लेषक ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसतो, तेवढा उपयोग खरा. पण तो हिंदीचे प्रत्यय छाटतो. 'विहिरीची' मधला शेवटचा दीर्घ 'ई'कार काढून तो 'विहिरिच'पाशी थांबतो आणि विहीर तशीच राहते. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत मराठीचा स्वतंत्र विश्लेषक आहे. ज्यांचा बहुतेक माल मराठीत लिहिलेला आहे त्यांनी तो आधी तपासावा, मात्र नावावर विसंबू नये, स्वतःच्या शब्दांवर चालवून बघावा. जिथे तो नाही तिथे 'च्या', 'साठी', 'मध्ये', 'ला' छाटणारे नियम स्वतः लिहून घालता येतात का, हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा.

त्याच्याही खाली एक चिवट किडा आहे, युनिकोडचा. 'बॅटऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, सूचीत मात्र वेगळे शब्द होऊन बसतात. 'ॲल्युमिनियम'चा 'ॲ' एका अक्षराचाही असतो आणि 'अ'वर चंद्र ठेवून केलेलाही. शिवाय कोणी '६२०४' देवनागरी आकड्यांत लिहितो, कोणी इंग्रजी. हे सगळं सूचीत शिरण्याआधी एका साच्यात आणलं पाहिजे, आणि प्रश्नालाही त्याच साच्यातून काढलं पाहिजे. यादीला एक नियम आणि प्रश्नाला दुसरा, हा गोंधळ मी जितक्या ठिकाणी पाहिला तितका दुसरा कुठलाच पाहिला नाही. जुना माल युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप झालेला असेल तर आधी त्याचं रूपांतर. त्यावाचून कुठलीच सेवा कामाची नाही.

अर्थावरून शोधणाऱ्या नव्या पद्धतीचा, म्हणजे व्हेक्टर सर्चचा, सध्या बराच गाजावाजा आहे. तो सगळा पोकळ नाही. 'पाणी कमी दाबाने येतं' असं लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला बूस्टर पंप दाखवायचा तर शब्द जुळवून भागणार नाही. पण त्या पद्धतीच्या दृष्टीने ६२०४ आणि ६२०५ सख्खे भाऊ असतात. दोन्ही पद्धती चालवून निकाल एकत्र करणारी सोय आता मोठ्या सेवांमध्ये आहे, आणि नगांच्या नंबरावर चालणाऱ्या धंद्याने तीच घ्यावी. नुसत्या अर्थशोधावर विसंबून वखार चालवू नये.

मग पारखायचं कसं? याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालं आहे. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या विमानविद्येच्या महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात १४०० शोधनिबंध घेतले, दोनशेहून अधिक प्रश्न जमवले, प्रत्येक प्रश्नाला कुठले निबंध योग्य ते माणसांकडून ठरवून घेतलं आणि मग सूची करण्याच्या निरनिराळ्या पद्धती त्या एकाच कसोटीवर तपासल्या. आजही जगभर शोधाची परीक्षा याच धर्तीवर होते. भारतीय भाषांसाठी २००८ पासून चालणाऱ्या 'फायर' या उपक्रमात मराठीसाठी 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'सकाळ'मधल्या बातम्यांचा असाच संग्रह वापरला गेला. तुमच्या दुकानाला चौदाशे निबंध नकोत. गिऱ्हाइकांनी टाइप केलेले शंभर-दोनशे प्रश्न घ्या. त्यात वारंवार येणारे घ्या, काहीच न सापडलेले घ्या, आणि चुकीचा माल गेल्यामुळे परत आलेले तर अवश्य घ्या. प्रत्येकासमोर योग्य उत्तर लिहायला काउंटरवरच्या जुन्या माणसाला बसवा, प्रोग्रामरला नव्हे. मग प्रत्येक सेवेचं ट्रायल अकाउंट उघडून हीच यादी चालवा आणि पहिल्या पाच निकालांत योग्य नग किती वेळा आला ते मोजा. दोन दिवसांचं काम आहे. एवढं केलं की कोटेशनमधले निम्मे रकाने आपोआप गळून पडतात.

आता सोडण्याविषयी. हे प्रकरण मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे, कारण या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे. रेडिट ही प्रचंड वापराची साइट २०१० मध्ये आपला शोध इंडेक्सटँक नावाच्या भाड्याच्या सेवेवर घेऊन गेली. २०११ च्या ऑक्टोबरात लिंक्डइनने ती कंपनी विकत घेतली, सेवा बंद झाली, आणि रेडिटला २०१२ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडसर्चकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. त्या क्लाउडसर्चची दारं ॲमेझॉनने जुलै २०२४ मध्ये नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद केली. गूगलने साइट सर्च ही पैसे घेऊन दिलेली सेवा २०१७ मध्ये विकणं थांबवलं आणि २०१८ मध्ये गुंडाळली. या यादीत कोणी लुच्चा नाही. कंपन्या विकल्या जातात, धोरणं बदलतात, आणि त्यांच्या निर्णयांत तुमच्या वखारीचा विचार नसतो.

मूळ कोड खुला आहे एवढ्याने निर्धास्त होता येत नाही, हेही २०२१ ने दाखवलं. त्या जानेवारीत इलॅस्टिकने जाहीर केलं की ७.११ पासून इलॅस्टिकसर्च अपाची परवान्याखाली मिळणार नाही. ॲमेझॉनने ७.१०.२ वरून वेगळी चूल मांडली, तिचं नाव ओपनसर्च. भांडण दोन बड्यांचं होतं, पण झळ खाली पोचली. त्याच वर्षी इलॅस्टिकच्या ७.१४ च्या क्लायंट लायब्रऱ्या समोरचा सर्व्हर आपलाच आहे का ते तपासू लागल्या आणि नसेल तर जोडणीच नाकारू लागल्या. ॲमेझॉनच्या सेवेवर असलेल्या ज्याने सहज म्हणून लायब्ररी अद्ययावत केली, त्याचा शोध बंद. पुढे २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल हा खुला परवाना पुन्हा उपलब्ध केला आणि ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनकडे गेलं. आज दोन्ही घरं व्यवस्थित नांदत आहेत. ती आता एकसारखी नाहीत एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

यावर तोडगा साधा आहे, तरी तो क्वचितच पाळला जातो. मूळ डेटा आपल्या डेटाबेसमध्ये, सेवेत फक्त त्याची नक्कल. ती नक्कल एका रात्रीत पहिल्यापासून उभी करता आली पाहिजे, आणि वर्षातून एकदा ती खरोखर करून बघितली पाहिजे. तसंही शब्द तोडण्याचा नियम बदलला की सूची नव्याने बांधावीच लागते, त्यामुळे ही सवय वाया जात नाही. सेवेशी बोलणारा कोड एका जागी ठेवा, तीस फाइलींत पसरू देऊ नका. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: 'झेडझेड म्हणजे टू-झेड', 'बेअरिंग, बेरिंग, बियरिंग एकच' हे जे समानार्थी शब्द तुमची माणसं वर्षभर विक्रेत्याच्या डॅशबोर्डवर एकेक करून भरतात, ती तुमची खरी कमाई असते. त्यांची फाइल स्वतःकडे असू द्या. सेवा बदलताना डेटा सगळे उचलतात, हे शब्द मात्र मागे राहतात आणि नव्या सेवेच्या माथी खापर फुटतं.

बिलाचं गणित तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, इथे एवढंच. अल्गोलियासारख्या सेवा नोंदी आणि शोध मोजतात. टाइप करता करता निकाल दाखवायचे ठरवले तर प्रत्येक अक्षरागणिक एक शोध धरला जातो, तेव्हा 'महिन्याला दहा हजार गिऱ्हाइकं' या अंदाजाला सात-आठने गुणावं लागतं. ॲमेझॉनवर नेहमीच्या पद्धतीत मशीनचे तास आणि डिस्क यांचे पैसे. अझूरमध्ये सूचीचे भाग गुणिले प्रती असा हिशोब, कोणी शोधो वा न शोधो. तिथे ९९.९ टक्क्यांची हमी वाचनापुरती हवी तरी किमान दोन प्रती लागतात आणि लेखनासकट हवी तर तीन. म्हणजे जाहिरातीतला सर्वांत स्वस्त आकडा हमीशिवायचा असतो. परदेशी कंपनीकडून डॉलरमध्ये बिल येणार असेल तर रिव्हर्स चार्जचा जीएसटी आपल्या सीएला आधीच विचारून घ्या.

डेटा देशात ठेवणं आता अवघड नाही. मायक्रोसॉफ्टचं मध्य भारत केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत. मात्र २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि ती डेटाबेसमधून पुसली तरी शोधसूचीतल्या नकलेत राहून जाते, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. सेवेशी बोलायला लागणाऱ्या किल्ल्यांकडे, म्हणजे एपीआय कीजकडे, असंच दुर्लक्ष होतं. शोधण्याची किल्ली वेबपानावर असली तर चालते, सूची बदलण्याची ॲडमिन किल्ली तिथे सापडणं म्हणजे दुकान उघडं टाकून जाणं. स्वतःच्या सर्व्हरवर इलॅस्टिकसर्च चालवणाऱ्यांनी जुनी आवृत्ती असेल तर आजच तपासावं. पासवर्डाची सक्ती मूळ मांडणीतच आली ती २०२२ च्या आठव्या आवृत्तीपासून.

आणि ज्यांच्याकडे वीस-तीस हजार नोंदी आहेत, वापरणारे आपलेच पन्नास कर्मचारी आहेत, त्यांनी हे पुस्तक वाचून भाड्याची सेवा घेऊच नये. पोस्टग्रेसमध्ये २००८ पासून मजकुरातला शोध अंगभूत आहे, आणि अक्षरांच्या त्रिकुटांवरून साधारण जुळणारे शब्द काढणारं जोडपत्रही त्याच्याबरोबर मिळतं. मराठीचे नियम तिथेही हातानेच घालावे लागतात, पण दरमहा बिल येत नाही आणि दोन ठिकाणचा डेटा जुळवत बसावं लागत नाही. विक्रेते हे सांगणार नाहीत म्हणून इथे सांगितलं.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. गेल्या महिन्यात आपल्या सर्चमध्ये लोकांनी काय टाइप केलं आणि त्यातल्या कशाला शून्य निकाल मिळाले, त्याची यादी प्रोग्रामरकडून मागवा. अशी नोंदच होत नाही असं उत्तर आलं, तर पुस्तक महिनाभर बाजूला ठेवा, आजपासून नोंद सुरू करा आणि यादी हातात आली की परत या.